ट्रेच्या बाहेर

मी पॅसेजमध्ये एका पायावर उभी होते. दुसरा पाय, नुकताच मोजा चढवलेला, बाथरूमच्या दाराअलीकडे ओल्यात पडला होता. सकाळचे साडेसात वाजले होते, आठला मला लॅब उघडायची होती आणि आठ दिवसांतली ही चौथी वेळ होती.

"प्रांजल," मी हाक मारली. "आधी इकडे ये."

ती अर्धी वेणी हातात धरून आली. बारा वर्षांची होती तेव्हा. तिनं ओलं बघितलं, परत गेली आणि फडकं, बादली न् व्हिनेगरची बाटली घेऊन आली. शाळेचा गणवेश सावरत गुडघ्यांवर बसून पुसायला लागली. मी तिला विचारलं, काल ट्रे धुतला होतास का. ती हो म्हणाली. मी म्हटलं, नीट धुतला असतास तर सशांनी बाहेर केलं नसतं. तिनं फडकं पिळलं, पुन्हा पुसलं.

हॉलच्या कोपऱ्यात दोन्ही ससे एकमेकांच्या अंगाला अंग लावून बसले होते. समोरच्या खोलीत माझे सासरे कॉटवर पेपर उघडून बसले होते. दार उघडंच होतं. त्यांनी पेपर खाली केला नाही.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. आम्ही मिरजेत स्टेशनजवळ दुसऱ्या मजल्यावर राहायचो. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. माझे यजमान अभिनंदन साखर कारखान्यात केमिस्ट. गळीत हंगाम सुरू झाला की एक रविवार सोडून एका रविवारी घरी यायचे. सासरे, भूपाल मगदूम, रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यावर ते गावाकडचं घर बंद करून आमच्याकडे आले. मी त्यांना मामा म्हणायची. उंच, ताठ, कमी बोलणारे. कपड्याला कधी सुरकुती नाही. सूर्य मावळायच्या आत जेवण, आणि जेवण झालं की स्वतःचं ताट स्वतः धुऊन ठेवायचे.

ससे आले ते प्रांजलच्या मैत्रिणीच्या वडिलांची बदली झाली म्हणून. एक तपकिरी मादी, एक पांढरा नर. रंगांवरून मामांनीच त्यांची नावं ठेवली, खारीक आणि खोबऱ्या. घरात सशांचा कळप नको म्हणून दोघांची ऑपरेशनं करून घेतली होती. त्यांची जोडी इतकी घट्ट होती की एकानं खाल्लं तर दुसरा खायचा, एक निजला की दुसरा त्याच्या मानेवर हनुवटी टेकून निजायचा.

ट्रेची सवय त्यांना लावली ती मामांनी. आधी चार दिवस ते नुसते बघत बसले, ससे कोणत्या कोपऱ्यात जातात ते. मग त्याच कोपऱ्यात प्लास्टिकचा पसरट ट्रे ठेवला. त्यात जुना पेपर, वर वाळलं गवत. ससे त्यात बसले की कोथिंबिरीची एक काडी. बाहेर केलं तर ओरडायचं नाही. लेंड्या गोळा करून ट्रेत टाकायच्या, म्हणजे त्यांना वासानं जागा कळते. पंधरा दिवसांत दोन्ही ससे घरभर हिंडून बरोबर ट्रेत परत यायला लागले. घरी कोणी आलं की मामा स्वतःहून कधी बोलायचे नाहीत, पण हे मात्र सांगायचे.

सव्वा वर्ष काही तक्रार नव्हती. मग त्या वर्षी दिवाळी झाली आणि घरात ओलं सापडायला लागलं. आधी पॅसेजमध्ये, मग मामांच्या दाराशी, मग त्यांच्या कॉटखालच्या चटईवर. कधी नुसतं ओलं, कधी त्याच्या आजूबाजूला लेंड्याही. मला वाटलं, थंडीमुळे असेल. मग वाटलं, ट्रे लहान पडत असेल. दुसरा ट्रे आणला. गवत बदललं. पेपराऐवजी भुसा घातला. व्हिनेगरनं फरशी पुसून पुसून माझ्या आणि प्रांजलच्या हातांची सालं निघाली. काही उपयोग झाला नाही. दिवसभर लॅबमध्ये ज्या वासात मी काम करायची, तोच संध्याकाळी घराचं दार उघडलं की समोर यायचा.

मामा या सगळ्यात गप्प होते. मला वाटायचं, त्यांनी एवढ्या मेहनतीनं शिकवलेलं मोडलं म्हणून त्यांना लागलं असेल. त्याच महिन्यात त्यांनी स्वतःचे कपडे स्वतः धुवायला सुरुवात केली होती. मी नको म्हटलं तर म्हणाले, तू दिवसभर उभी असतेस, तुझ्यावर कशाला भार. मी माझ्या बहिणीला फोनवर कौतुकानं सांगितलं होतं की असे सासरे कुणाला मिळतात.

त्या सकाळी लॅबमध्ये गेल्यावर मी अभिनंदनना फोन केला. कारखान्याच्या आवाजात ते एवढंच म्हणाले की आपल्याला झेपत नसेल तर देऊन टाक, कुणीतरी नेईल. लॅबमध्ये साफसफाई करणाऱ्या कलावती मावशींचा भाऊ कवठेपिरानला कोंबड्या पाळायचा. मावशींनी दुपारीच त्याला विचारलं. तो म्हणाला, रविवारी गाडी घेऊन मिरजेला येणारच आहे, घेऊन जाईन.

संध्याकाळी मी घरात सांगितलं. प्रांजल माझ्यासमोर रडली नाही. उठून सशांजवळ जाऊन बसली आणि जेवायला आली नाही. मामांनी एकच प्रश्न विचारला.

"दोघांना एकत्र ठेवंल का तो?"

मी म्हटलं, मी तसं सांगेन. त्यांनी मान हलवली आणि खोलीत गेले.

बुधवारी रात्रीचं जेवण झाल्यावर प्रांजल माझ्यामागे ओट्यापाशी आली. तिनं विचार केला होता. म्हणाली, दोघंही करत नसतील, एकच करत असेल. आधी कोण ते तरी बघूया. तिच्या डोळ्यांकडे बघून मला नाही म्हणता आलं नाही. गुरुवारी सकाळी आम्ही खोबऱ्याला बाल्कनीत ठेवलं, मधे जाळीचं दार लावलं आणि खारीक घरात मोकळी ठेवली. मामांना सांगून ठेवलं की संध्याकाळपर्यंत जाळी उघडू नका.

संध्याकाळी घरी आले तर जाळी उघडी होती. बाल्कनीच्या कोपऱ्यात दोघं एकमेकांत घुसून बसले होते. मामा खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत होते.

"मीच उघडली," ते म्हणाले. "सकाळपासून ती जाळीवर नाक घासत होती. मला बघवेना."

खारकेच्या नाकावरचे केस गेले होते, आतली कातडी लाल दिसत होती. तिनं दिवसभर काही खाल्लं नव्हतं. प्रांजलनं कोथिंबीर तोंडाशी धरली तर तिनं मान वळवली. आम्हाला वाटलं, जोडीला सोडलंय, आता खाईल. शुक्रवारी सकाळी तिच्यासमोरची वाटी होती तशी होती आणि ट्रेमध्ये एकट्या खोबऱ्याच्याच लेंड्या होत्या. ससा एक दिवस उपाशी राहिला तर त्याचं पोट बंद पडतं, हे मला माहीत होतं. मी लॅबमध्ये फोन करून उशिरा येते म्हणून कळवलं आणि सांगलीला जायला निघाले.

मी टोपलीत एकट्या खारकेला ठेवत होते. मामांनी खोबऱ्याला उचलून माझ्या हातात दिलं. "दोघांना ने," म्हणाले. "एकाला ठेवलंस तर परत तेच."

सांगलीत डॉक्टर रेहाना शिकलगार यांचा दवाखाना होता. वयानं तिशीच्या आतबाहेर असतील. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर पुष्कळ होते, सशाला हात लावायला तयार होणाऱ्या तेवढ्या या एकट्याच. त्यांनी खारकेचं पोट दाबून बघितलं, कान लावून ऐकलं, इंजेक्शन दिलं आणि सिरिंजनं थोडं पातळ खाणं तोंडात सोडलं. म्हणाल्या, वेळेत आणलंत, संध्याकाळपर्यंत खायला लागेल. मग त्यांनी विचारलं, "यांना वेगळं का केलं होतं?"

मी सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज चिडका झाला असावा, कारण त्या शांतपणे खुर्ची ओढून बसल्या. दोघांच्याही मूत्राशयावरून हात फिरवला. नंतर टोपलीतला पेपर बाहेर काढला. वाटेत खोबऱ्यानं त्यावर केलं होतं.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "यात रक्त नाही, खडा नाही. सशाची लघवी अशीच असते, गढूळ, घट्टसर. वाळली की खडूसारखा पांढरा डाग राहतो. तुमच्या फरशीवर तसे डाग असतील."

माझी फरशी काळी होती, शहाबादी. मी डोळ्यांपुढे आणून बघितलं. काही ठिकाणी पांढरट कडा दिसायच्या, हे खरं. पण कितीतरी वेळा, पाय ठेवल्यावरच कळायचं, इतकं ते पाण्यासारखं असायचं. वाळल्यावर मागं काहीच राहायचं नाही. रोज शंभरेक नमुने हाताखालून घालणारी बाई मी. महिनाभर हे माझ्या घरात होतं आणि मला दिसलं नव्हतं.

"नेहमी नसतात डाग," मी म्हटलं.

डॉक्टरांनी विचारलं, घरात तिसरा प्राणी आला आहे का. मांजर, कुत्रं, खिडकीतून येणारं काही? मी नाही म्हटलं. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीची मागची बाजू माझ्यापुढे केली आणि म्हणाल्या, घराचा नकाशा काढा, जिथे जिथे ओलं सापडलं तिथे फुली मारा.

मी काढला. हॉल, स्वयंपाकघर, दोन खोल्या, मधला पॅसेज, बाथरूम. मग फुल्या मारायला लागले. चटईवर एक. दाराशी दोन. पॅसेजमध्ये तीन, चार. बाथरूमच्या उंबऱ्याशी एक. हॉलमध्ये एकही नाही. स्वयंपाकघरात नाही, आमच्या खोलीत नाही. सगळ्या फुल्या एका रांगेत आल्या.

"ही खोली कुणाची?" डॉक्टरांनी पेनाचं टोक ठेवून विचारलं.

"माझ्या सासऱ्यांची."

"वय?"

"बहात्तर."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. थोडा वेळ खारकेच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ससे आपल्या जागेत दुसऱ्या कुणाचा वास आला, की त्यावर आपला वास टाकतात. त्यात त्यांची चूक नसते. तुम्ही घरी जाऊन एकदा शांतपणे बोला."

येताना मी रिक्षा केली. टोपली मांडीवर होती. मला एकेक गोष्ट आठवत गेली. स्वतः धुतलेले कपडे. गडद रंगाच्या विजारी. एरवी मामा पांढऱ्या लेंग्याशिवाय काही घालायचे नाहीत. दुपारी मी भरून ठेवलेला पाण्याचा तांब्या, जो संध्याकाळी तसाच भरलेला असायचा. देवळात जाणं बंद झालेलं. विचारलं तर म्हणायचे, थंडी आहे. आणि पॅसेजमध्ये गुडघ्यांवर बसलेली प्रांजल, आणि समोर पेपरामागे लपलेला त्यांचा चेहरा.

मला आधी रागच आला, हे खोटं कशाला सांगू. पोर रोज बोलणी खात होती आणि हे ऐकत होते. जनावरं घरातून जायला निघाली होती आणि हे विचारत होते, एकत्र ठेवंल का. वाटेतल्या विश्रामबागेपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. मग लॅबमधले म्हातारे आठवायला लागले. नमुन्याची डबी रुमालात गुंडाळून आणणारे. खिडकीवर मी आहे असं बघून परत फिरणारे आणि पुरुष टेक्निशियन येईपर्यंत बाकावर बसून राहणारे. अशा कितीजणांना मी सहज म्हटलं होतं, लाजायचं काय त्यात, आजोबा.

माझे सासरे मला हे कसं सांगणार होते?

मी रिक्षा लॅबवरून घेतली. आत जाऊन एक रिकामी डबी उचलली. तिच्यावर नेहमीसारखी चिठ्ठी चिकटवली. नाव, वय, तारीख. लिहिताना हात जरा थांबला, पण लिहिलं.

घरी प्रांजल नव्हती, शाळेतच होती. मामा खोलीत कॉटवर बसले होते. खारीक कशी आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बरी होईल. टोपली खाली ठेवली, झाकण उघडलं. दोघं बाहेर आले आणि हुंगत हुंगत कॉटखाली गेले. मी पर्समधून डबी काढली आणि त्यांच्या चष्म्याच्या घराशेजारी ठेवली.

"मामा, उद्या सकाळची पहिली यात ठेवा. मी स्वतः तपासीन. दुसरं कुणी हात लावणार नाही."

त्यांनी डबीवरचं नाव वाचलं. मी तिथून जायला हवं होतं की थांबायला हवं होतं, मला कळेना. शेवटी मी खाली चटईवर बसले, म्हणजे माझा चेहरा त्यांच्यासमोर नसेल.

"रविवारी तो माणूस यायच्या आधी मी सांगणार होतो," ते म्हणाले.

"होय, मामा."

"नव्हे, खरंच सांगणार होतो. रोज ठरवत होतो." त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. "मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये संडास नसतो. तुला ठाऊक नसंल. सिग्नल मिळाला नाही तर गाडी माळावर दहा-दहा तास उभी. गार्डानं गाडी सोडायची नाही. पस्तीस वर्षं धरून बसलो मी. कधी चूक झाली नाही. आणि आता कॉटवरनं उठून दारापर्यंत जायच्या आत…"

मी मागे वळून बघितलं नाही. मग विचारलं, कधीपासून, जळजळ होते का, रक्त दिसतं का, झाल्यावर पोट हलकं वाटतं का. लॅबमध्ये विचारतात तसंच विचारलं, आणि लॅबमध्ये देतात तशीच त्यांनी उत्तरं दिली. त्यानं आम्हा दोघांनाही सोपं गेलं. पोट कधीच हलकं वाटत नाही, ते म्हणाले. सारखं भरल्यासारखं वाटतं. म्हणून पाणीच कमी केलं.

"डॉक्टरकडे जायला हवं होतं, मामा."

"डॉक्टरकडे गेलो तर अभिनंदनला कळणार. मग तो सगळं सोडून इथं येऊन बसणार. हंगाम चालू आहे त्याचा." थोडं थांबून ते म्हणाले, "आणि ते वाईट दुखणं निघालं तर? माझ्याबरोबरचे दोघे त्यानंच गेले."

तेव्हा मला कळलं की नुसती लाज नव्हती ती. ते महिनाभर त्या खोलीत एकटे बसून भ्याले होते.

उठताना त्यांनी मला थांबवलं. "प्रांजलला तू सांगू नको. मी सांगीन. मला सांगू दे."

मी कलावती मावशींना फोन करून त्यांच्या भावाला नको म्हणून कळवलं. संध्याकाळी प्रांजल आल्यावर तिला एवढंच सांगितलं की ससे कुठेही जाणार नाहीत, ट्रेचा दोष नव्हता आणि मी तुला उगाच बोलले. तिनं कारण विचारलं नाही. धावत सशांकडे गेली. खारकेनं तोवर वाळल्या गवताच्या चार काड्या खाल्ल्या होत्या. प्रांजल पोटावर आडवी पडून तिचं तोंड हलताना बघत राहिली.

शनिवारी सकाळी डबी मोरीच्या कट्ट्यावर कागदात गुंडाळून ठेवलेली होती. मी तपासली. थोडा पू होता, साखर नव्हती. सोमवारी अभिनंदन आले आणि आम्ही मामांना मिरजेतल्याच एका मोठ्या रुग्णालयात घेऊन गेलो. सोनोग्राफी करणाऱ्यानं आधी त्यांना बाथरूमला जाऊन यायला सांगितलं आणि मग बघितलं. तरीही पोटात लिटरभर शिल्लक होती. डॉक्टर म्हणाले, प्रोस्टेटची गाठ वाढून वाट अडली आहे. यांचं जे सांडतं ते ताबा गेल्यामुळे नाही, भरून वाहतंय म्हणून. अजून महिनाभर असंच राहिलं असतं तर किडन्या गेल्या असत्या. रक्ताच्या रिपोर्टात किडनीचा आकडा वाढलेलाच होता.

नळी घातली तेव्हा मी बाहेर होते. अभिनंदन आत होते. बाहेर आले ते डोळे पुसत. म्हणाले, "बाबा झोपले. नळी घातल्या घातल्या झोपले. कितीतरी दिवसांनी झोपले असं वाटलं."

दहा दिवसांनी किडनीचा आकडा खाली आल्यावर दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. गाठीचा तुकडा तपासायला गेला. तो आमच्या लॅबमध्ये नाही, दुसरीकडे गेला होता, आणि पाच दिवस लागतील असं सांगितलं होतं. ते पाच दिवस मी कामावर होते. हातांना सवय होती म्हणून काम होत होतं. पाचव्या दिवशी दुपारी मी रिपोर्ट आणायला गेले. लिफाफा तिथंच जिन्यात फोडला. मला वाचता येत होतं, तेच अवघड होतं. पहिल्या ओळीवरून नजर घसरत शेवटच्या ओळीवर आली. साधी गाठ. कॅन्सरची एकही पेशी नाही. मी त्याच पायरीवर बसले. वरून एक बाई उतरत आल्या, त्यांनी विचारलं, काय झालं, पाणी देऊ का. मी म्हटलं, नाही, काही झालं नाही. काहीच झालेलं नाही.

नळी काढली त्या सकाळी डॉक्टरांनी सांगितलं होतं की स्वतःहून झाली तरच घरी सोडणार. मामा तांब्यावर तांब्या पाणी पीत होते. दहाच्या सुमाराला उठून आत गेले. अभिनंदन दाराशी उभे, मी खिडकीशी. बाहेर आले तेव्हा मामा नेहमीसारखेच ताठ चालत होते, पण चेहरा असा होता की शेजारच्या खाटेवरचा अनोळखी माणूसही हसला. मामा कॉटवर बसले.

"सिग्नल मिळाला," ते अभिनंदनना म्हणाले.

त्या महिन्यात ते पहिल्यांदा थट्टा करत होते.

घरी आल्यावर आठवडाभरात पॅसेज कोरडा झाला. फरशी धुऊन काढली, चटई टाकून दिली. सशांनी आणखी तीन-चारदा तिथं लेंड्या टाकल्या. मामांनी वाकायचं नव्हतं म्हणून ते खुर्चीवर बसून प्रांजलला सांगायचे आणि ती लेंड्या उचलून ट्रेत टाकायची. मग तेही थांबलं. दोघं परत ट्रेत जायला लागले, खारीक आधी, खोबऱ्या तिच्या मागे.

मामांनी तिला अजून सांगितलं नव्हतं. मी वाट बघत होते, आणि मनातून थोडी अस्वस्थही होते, की आता कशाला सांगतील. सगळं मिटलं होतं.

एका रविवारी संध्याकाळी, उजेड असताना, आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. अभिनंदन घरी होते. मामांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

"प्रांजल," ते म्हणाले, "पॅसेजमध्ये ओलं व्हायचं ते आधी सशांनी केलेलं नसायचं. माझं असायचं. मला दारापर्यंत पोचायला व्हायचं नाही. मागनं ते येऊन करायचे. तुला बोलणी बसायची, ती मी ऐकायचो आणि गप्प बसायचो. ते माझं चुकलं."

अभिनंदननी माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे बघत होते. प्रांजलचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, ती उठून जाईल. तिचा राग मला ओळखीचा होता, आणि तो यायलाच हवा होता.

"ते दोघं गेले असते," ती म्हणाली. "रविवारी."

"होय."

"खारीक मेली असती."

"होय," मामा म्हणाले.

ती थोडा वेळ ताटातल्या आमटीत बोट फिरवत राहिली. मग तिनं मान वर केली. रडत होती, पण आवाज चिडलेला होता.

"मग मला सांगायचं होतंत की, आजोबा. मी पुसलंच असतं. रोज पुसतच होते."

मामांनी हात पुढे करून तिच्या डोक्यावर ठेवला. तिनं तो झटकला नाही, पण जेवण होईपर्यंत त्यांच्याशी बोललीही नाही. दोन दिवस ती त्यांच्याशी नीट बोलत नव्हती. तिसऱ्या दिवशी शाळेतून आली आणि दप्तर न काढता त्यांच्या खोलीत गेली. खोबऱ्यानं आज काय केलं, ते विचारत होती.

मामा त्यानंतर नऊ वर्षं होते. त्या नऊ वर्षांत मोतीबिंदू झाला, एकदा मनगट मोडलं, शेवटी शेवटी श्वास लागायचा. दुखणं कुठलंही असो, ते आधी प्रांजलला सांगायचे. ती पुण्याला शिकायला गेली तरी फोन करून तिलाच सांगायचे. मग ती मला फोन करायची आणि म्हणायची, आई, आजोबांच्या खोलीत जा जरा, पण मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.